जुन्या मोटारीच्या इंजिनाचे फेरे

अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें १९२७ च्या अखेरीपासून १९३१ पर्यंत ‘मॉडेल ए’ नांवाच्या सुमारें ४८ लक्ष मोटारी बांधल्या. त्यांपैकीं हजारों आजहि हौशी मालकांच्या हातीं चालत्या आहेत. या गाडीच्या समोरच्या फळीवर वेग, पेट्रोल आणि विजेचा प्रवाह दाखविणारीं उपकरणें आहेत. इंजिन मिनिटास किती फेरे घेतें हें सांगणारा टॅकोमीटर मात्र नाहीं.

तो असावा असें मालकास वाटतें, तें केवळ हौसेपोटीं नव्हे. हें इंजिन २२०० फेऱ्यांना ४० अश्वशक्ति देतें. त्याच्या दांड्याचीं बेअरिंगें मुख्यत्वें कथलाच्या मिश्रधातूचीं, जागच्या जागीं ओतून घडविलेलीं असतात, आणि कनेक्टिंग रॉडांना तेल मिळतें तें खालच्या पन्हळींतून उडणाऱ्या शिंतोड्यांनीं. उतारावर खालच्या गिअरमध्यें गाडी भरधांव सोडली, तर फेरे किती वाढले हें कानास नेमकें कळत नाहीं. धातु वितळून गेला म्हणजे तो पुन्हां ओतणारा कारागीर शोधावा लागतो, आणि असे कारागीर आतां विरळा.

अडचण येते ती विजेची. गाडीची बॅटरी ६ व्होल्टांची. तेवढेंच काम करण्यास १२ व्होल्टांच्या गाडीपेक्षां हिच्या तारांतून दुप्पट प्रवाह न्यावा लागतो. एखाद्या गंजलेल्या सांध्यांत अर्धा व्होल्ट जरी हरवला तरी पुंजीचा बारावा हिस्सा गेला! बाजारांतील आजचा सामान्य टॅकोमीटर दोन गोष्टी मागतो: स्वतः चालण्यासाठीं १२ व्होल्टांचा पुरवठा, आणि मोजण्यासाठीं ठिणग्यांची खूण. दुसरी गोष्ट जुनी गाडी मुबलक देते. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडले कीं कॉईलच्या वेढ्यांत बॅटरीच्या दाबाच्या कितीतरी पट उसळी येते, मग बॅटरी सहाची असो वा बाराची. चार सिलिंडरांच्या अशा इंजिनांत दर फेऱ्यास दोन ठिणग्या पडतात. म्हणजे २२०० फेऱ्यांना सेकंदास सुमारें ७३. पहिली गोष्ट मात्र ती देऊं शकत नाहीं.

यावर कोणी सबंध गाडीच १२ व्होल्टांची करून टाकण्याचा सल्ला देतात. मग दिवे, हॉर्न, कॉईल, डायनॅमो सारेंच बदलणें आलें, आणि मूळचा स्टार्टर ठेवला तर तो दुप्पट दाबानें फ्लायव्हीलच्या दांत्यांवर आदळतो. एका उपकरणासाठीं एवढी मोडतोड करणें शहाणपणाचें दिसत नाहीं. सहाचे बारा व्होल्ट करणारी लहान पेटी मिळते, तो मार्ग पुष्कळच बरा. परंतु तेथें दुसरा खड्डा आहे. या गाडींत बॅटरीचें धन टोक चासीस जोडलेलें असतें, आणि आजचीं उपकरणें ऋण टोक चासीस आहे असें गृहीत धरून बनविलेलीं असतात. उपकरणाचें धातूचें कवच नेहमींप्रमाणें फळीवर घट्ट बसविलें, कीं तेथेंच शॉर्टसर्किट. शिवाय ही गाडी कारखान्यांतून फ्यूजविना बाहेर पडे, त्यामुळें चूक झाली तर प्रथम तार जळते आणि मग लांकडी तळफळीपर्यंत धग पोंचते. टॅकोमीटर बसवो वा न बसवो, बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य तारेवर फ्यूज घालून घेणें हें मालकाचें पहिलें काम.

६ व्होल्टांसाठीं व धन-अर्थिंगसाठींच बनविलेला टॅकोमीटर मिळाला तर प्रश्न मिटला. न मिळाल्यास सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे स्वतःची लहान बॅटरी असलेलें उपकरण. त्याची एक तार ठिणगीच्या जाड तारेभोंवतीं नुसती गुंडाळावयाची असते. गाडीच्या विजेस हातहि लावावा लागत नाहीं. येथें नवखा मिस्त्री हमखास गोंधळतो. तो स्पार्क प्लगची तार शोधूं लागतो, आणि या गाडींत प्लगांकडे रबरी वेष्टनाच्या तारा जातच नाहींत, उघड्या धातूच्या पट्ट्या जातात! म्हणून कॉईलपासून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी जाड तार धरावी. तिच्यांतून चारहि सिलिंडरांच्या ठिणग्या जातात, यास्तव उपकरण ‘दर फेऱ्यास दोन ठिणग्या’ या खुणेवर ठेवावें. तें एका ठिणगीच्या खुणेवर राहिलें तर आंकडा दुप्पट दिसेल आणि मालक विनाकारण घाबरेल.

आंकडा खरा कीं खोटा हें पडताळण्यास कारखान्याची गरज नाहीं. मागील धुऱ्याचें गुणोत्तर ३.७७ आणि चाकें २१ इंची असलीं, तर वरच्या गिअरमध्यें तासास दर मैलामागें इंजिन मिनिटास सुमारें ४३ फेरे घेतें. सपाट रस्त्यावर एकसारखी गाडी हांकून, शेजारी बसलेल्यानें हातांतील घड्याळावर एक मैल मोजावा. तो बरोबर दोन मिनिटांत संपला तर वेग ३० मैलांचा, आणि कांटा १३०० च्या जवळपास दिसावयास हवा. टायर झिजलेले असतील तर थोडा वर.