सकाळची वाट पाहू नये
(कर्करोगावर उपचार घेणाऱ्या बालकांच्या पालकांसाठी दिलेले व्याख्यान)



बालकास कर्करोग झाल्याचे कळताच आई-वडिलांच्या पायाखालची जमीन सरकते. परंतु बालकांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग योग्य व पूर्ण उपचारांनी बरा होऊ शकतो. जुना जालन्याच्या कुटुंबांना त्यासाठी सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, अथवा मुंबईला परळ येथे १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय. केमोथेरपीचा डोस तेथे मिळतो. दोन डोसांमधील दिवस मात्र बरेचदा घरी जातात. त्या दिवसांत बालकाची राखण आई-वडिलांकडेच असते.

केमोथेरपी कर्कपेशींबरोबर अस्थिमज्जेतील निरोगी पेशींचेही नुकसान करते. बहुधा डोसनंतर ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी फार घटतात. त्यांतील न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेल्यास साधा जंतूही काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. अशा वेळी पू वा सूज दिसेलच असे नाही. पुष्कळदा ताप हीच एकमेव सूचना असते.

म्हणून अंग गरम लागताच थर्मामीटर काखेत लावावा. गुदद्वारात कधीही लावू नये. ताप एकदाही १०१ अंश फॅरनहाइट भरला, अथवा १००.४ अंश तासभर टिकला, तर तत्काळ रुग्णालयास फोन करावा. रुग्णालयाने याहून कमी आकडा सांगितला असेल, तर तोच प्रमाण मानावा. डॉक्टरांशी बोलण्यापूर्वी पॅरासिटामॉल देऊ नये. त्याने ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही.

ताप नसतानाही हुडहुडी भरणे, धाप लागणे, नाक वा हिरड्यांतून न थांबणारे रक्त, काळी शौच, अंगावर लाल-जांभळे ठिपके, पाणीही न टिकणारी उलटी, लघवी फार कमी होणे, तीव्र डोकेदुखी, झटके वा असाधारण गुंगी यांपैकी काहीही आढळल्यास त्याच क्षणी फोन करावा. घरी वा शाळेत कोणास कांजिण्या अथवा गोवर झाला असेल, तर बालक ठणठणीत असले तरी त्याच दिवशी कळवावे.

फोनजवळ फाइल ठेवावी. शेवटच्या डोसची तारीख, रक्ततपासणीचा अलीकडचा अहवाल, तापाचा आकडा व वेळ एवढे सांगितले की पलीकडील डॉक्टरांना निर्णय करता येतो. मुंबई दूर आहे. प्रतिजैविकाचे पहिले इंजेक्शन जालन्यातच घ्यावे काय, हेही त्याच फोनवर विचारावे. त्यासाठी गावातील एका डॉक्टरांना उपचारांची कल्पना आधीच देऊन ठेवावी.

येथे समाजाचेही कर्तव्य आहे. समाचाराला जाण्याची आपली रीत चांगली. पण सर्दी-खोकला असणाऱ्याने अशा घरी जाऊ नये. त्याऐवजी मध्यरात्री वाहन घेऊन दारात उभे राहण्याची तयारी ठेवावी. तीच खरी वैयावृत्य होय.

रात्री दोन वाजता आईच्या मनात येते, ‘डॉक्टरांना आता कशाला त्रास द्यावा? सकाळी पाहू.’ हा संकोच सुसंस्कृतपणाचा असला, तरी येथे घातक आहे. दहा फोन अनावश्यक ठरले तरी कोणाचे काही बिघडत नाही. न केलेला एक फोन मात्र भरून काढता येत नाही. फोन करणे हा उपचारांचाच भाग आहे, हे प्रत्येक पालकाने मनावर कोरून ठेवावे.