आधी पाणी, मग धातू



 आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातली वरोऱ्याची कोळसा खाण १९०६ साली बंद झाली. खाण सोडून दिली की मागे काय उरते, हा प्रश्न आमच्याकडे शतकाहून जुना आहे.

मागे उरते ते पाणी. कोळशातल्या पायराइटला हवा आणि ओल मिळाली की गंधकाम्ल तयार होते, आणि ते खडकातले मँगनीज, ॲल्युमिनियम, निकेल विरघळवत जाते. असे पाणी बाटलीत भरले तर पुष्कळदा नितळ दिसते. बूच उघडे ठेवा. त्यातल्या लोहाला हवा लागते, पाणी पिवळसर होते, तळाशी नारिंगी गाळ बसतो. ओढ्यातल्या गोट्यांवर हाच गाळ बसला की त्याखालचे किडे मरतात आणि किड्यांवर जगणारे मासेही जातात.

वर्धा खोऱ्यातल्या कोळशात गंधक कमी, म्हणून आमचे खाणपाणी सहसा इतके आम्लधर्मी नसते. त्याचे दुखणे जडपणाचे आणि सल्फेटचे. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत मात्र हे आम्ल उग्र आहे. राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या बिळांसारख्या खाणींवर २०१४ मध्ये बंदी घातली, तरी सोडलेल्या बिळांतून ते झिरपतेच आहे.

आता याच गाळाकडे जग वेगळ्या नजरेने पाहू लागले आहे. त्यात स्कँडियम, यिट्रियम, निओडिमियम, डिस्प्रोशियम सापडतात. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात पॉल झिमकेविच यांच्या गटाने पाण्याची आम्लता टप्प्याटप्प्याने उतरवून आधी लोह आणि मग ही दुर्मीळ मूलद्रव्ये वेगळी काढण्याची रीत बसवली. चीनने एप्रिल २०२५ मध्ये अशा सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यावर या कामाचे मोल सगळ्यांनाच कळले.

तरीही माझे मत स्पष्ट सांगतो: आधी पाणी, मग धातू. लिटरमागे ही मूलद्रव्ये मायक्रोग्रॅमच्या हिशेबात असतात. त्यातून कुणी धनाढ्य होईल असे मला वाटत नाही. पण आम्लता उतरवायला वर्षानुवर्षे ओतावा लागणाऱ्या चुन्याचा थोडा खर्च जरी त्यातून निघाला, तरी शुद्धीकरण मध्येच बंद पडणार नाही. मला त्याचे महत्त्व यासाठी वाटते.

 अभ्यासकांना एकच विनंती आहे. बंद खाणींच्या पाण्याची तपासणी कराल, तेव्हा विषारी धातूंबरोबर ही मूलद्रव्येही मोजा आणि आलेले आकडे सर्वांत आधी त्या गावच्या ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवा.