तो येत राहिला

 आज मी तुमच्याशी एका गिटारवाल्याविषयी बोलणार आहे. तो आयर्लंडचा होता. त्याचे नाव रोरी गॅलहर. आपल्यापैकी अनेकांनी हे नाव ऐकलेले नसेल. मीही ते योगायोगानेच ऐकले. मी बी.ए.ला असताना एका मित्राने मला एक कॅसेट दिली होती. तिच्यावर शाईने एवढेच लिहिले होते, 'आयरिश टूर ७४'. गाण्यांचे शब्द मला फारसे कळले नाहीत, पण गिटार कळली. कुणीतरी घसा कोरडा पडेपर्यंत काही सांगतो आहे आणि ते आपल्यालाच सांगतो आहे, असे वाटले.

१४ जून १९९५ रोजी रोरी लंडनमध्ये वारला. वय अवघे ४७. यकृत निकामी झाले होते. प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली, पण नंतरच्या जंतुसंसर्गाने त्याला नेले. बायको नाही, मुलेबाळे नाहीत. तीस वर्षे उलटली, तरी त्याची आठवण काढणारी माणसे कमी झालेली नाहीत. आयर्लंडच्या डोनेगल परगण्यात बॅलीशॅनन नावाचे छोटे गाव आहे. १९४८ साली रोरी तिथे जन्मला. २००२ पासून जूनच्या आरंभी तिथे त्याच्या आठवणीचा उत्सव भरू लागला. देशोदेशीचे चाहते येतात. अनेकांच्या अंगात चौकड्यांचा शर्ट असतो, कारण रोरी तसलाच शर्ट घालून रंगमंचावर उभा राहायचा. गल्लीबोळांत, पबमध्ये, चौकात दिवसरात्र त्याची गाणी वाजतात.

मी लहानपणापासून उरूस पाहत आलो आहे. पिराच्या पुण्यतिथीला दर्ग्यावर चादर घेऊन जाणाऱ्यांत सगळ्या जातीधर्मांची माणसे असतात. बॅलीशॅननबद्दल वाचले तेव्हा मला उरूसच आठवला. रोरी काही पीर नव्हता. तशी उपमा दिली असती तर तोच संकोचला असता. पण माणसे एखाद्याच्या नावाने वर्षानुवर्षे का जमतात, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. नुसती बोटे वेगात चालतात म्हणून कुणी तीस वर्षे आठवण ठेवत नाही.

ब्लूज हे संगीत अमेरिकेच्या दक्षिणेतले. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या वस्त्यांत ते वाढले. ते आयर्लंडमधल्या पोरापर्यंत पोचले कसे? रेडिओवरून! रोरीचे बालपण डेरी आणि पुढे कॉर्क या शहरांत गेले. युरोपातल्या अमेरिकन सैनिकांसाठी एक नभोवाणी केंद्र चालत असे. त्याचे कार्यक्रम हा मुलगा कान लावून ऐकायचा. त्यातून त्याला मडी वॉटर्ससारखे उस्ताद भेटले. पुढे १९७१ च्या अखेरीस मडी वॉटर्स लंडनला ध्वनिमुद्रणासाठी आले, तेव्हा साथीला गिटार घेऊन हाच रोरी बसला होता. रेडिओ काय करू शकतो, हे या ठिकाणी बसून सांगताना मला विशेष आनंद होतो आहे.

१९६३ साली, पंधराव्या वर्षी, त्याने कॉर्कमधल्या क्राउली यांच्या वाद्यांच्या दुकानातून एक जुनी स्ट्रॅटोकास्टर गिटार घेतली. किंमत जवळजवळ शंभर पौंड. सामान्य घरातल्या मुलाला ही रक्कम कुठली परवडणार? त्याने ती उधारीवर घेतली. हीच गिटार त्याने जन्मभर वाजवली. एकदा ती चोरीला गेली आणि काही दिवसांनी खड्ड्यात पावसाने भिजलेली सापडली. पुढे त्याच्या घामाने तिचा रंग उडत गेला आणि आतले लाकूड उघडे पडले. पैसा आल्यावरही त्याने तिला नवा रंग दिला नाही.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रोरी आपला 'टेस्ट' हा बँड घेऊन उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला राहिला होता. ते शहर त्याला आपले वाटायचे. १९६९ पासून तिथे आग भडकली. एका बाजूला कॅथलिक, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट, मध्ये ब्रिटिश सैन्य. तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार माणसे मेली. एकट्या १९७२ सालात जवळपास पाचशे. बॉम्ब फुटत होते, रस्त्यांवर अडथळे उभे राहत होते, दिवस मावळला की शहराचा मध्यभाग ओस पडत होता. बाहेरचे कलावंत येईनासे झाले. त्यांना दोष देता येत नाही. जुलै १९७५ मध्ये मायामी शोबँड हा लोकप्रिय वाद्यवृंद कार्यक्रम आटोपून डब्लिनला परतत असताना बंदूकधाऱ्यांनी त्यांची गाडी अडवली आणि तिघा कलावंतांना ठार केले. भीती खोटी नव्हती.

रोरी मात्र येत राहिला. आयर्लंडचा दौरा ठरला की त्यात बेलफास्ट असायचेच. कार्यक्रम व्हायचा अल्स्टर हॉलमध्ये. हे सभागृह १८६२ सालचे. आयर्लंडच्या स्वायत्ततेला विरोध करणाऱ्या प्रोटेस्टंट पुढाऱ्यांच्या मोठ्या सभा १८८६ आणि १९१२ साली इथेच गाजल्या होत्या. त्याच व्यासपीठावर कॅथलिक घरातला रोरी गिटार घेऊन उभा राहायचा. खाली दोन्हीकडची तरुण पोरे एकमेकांना खेटून बसायची. बाहेर ती एकमेकांच्या वस्तीत पाऊलही टाकू शकत नव्हती. आत मात्र शेजारचा कोण, कुठल्या शाळेत शिकला, कुठल्या प्रार्थनागृहात जातो, हे कुणी विचारत नसे. तिथे झालेल्या कार्यक्रमाचे काही ध्वनिमुद्रण त्या 'आयरिश टूर' मध्ये आहे. माझ्या कॅसेटवर जो टाळ्यांचा कडकडाट होता, त्यात ही पोरे होती, हे मला फार नंतर कळले.

रोरीने तिथे शांततेवर व्याख्याने दिली नाहीत. तो फक्त आला, त्याने मनापासून वाजवले आणि पुढच्या वेळी पुन्हा आला. आज साठी-सत्तरीला आलेले बेलफास्टचे चाहते त्याची आठवण सांगतात, तेव्हा गिटारीच्या करामती नंतर येतात. आधी ते सांगतात की कुणी येत नव्हते, तेव्हा तो आला.

श्रोतेहो, हे वाचताना मी थोडा वेळ थांबलो होतो. का, ते सांगतो. ज्या मित्राने मला ती कॅसेट दिली, तो हिंदू. त्याचे घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. १९९२ च्या डिसेंबरात अयोध्येची बातमी आली आणि आमच्या शहरातही संचारबंदी लागली. चारपाच दिवसांनी ती उठली. दुकाने उघडली, शाळा भरल्या. पण तो माझ्याकडे आला नाही आणि मीही त्याच्याकडे गेलो नाही. आमचे भांडण नव्हते. तो काय विचार करत असेल, असे मला वाटायचे आणि बहुधा त्यालाही तसेच वाटत असेल. असे तीन महिने गेले. पुढे आम्ही भेटलो, चहा प्यालो, आजही भेटतो. पण ते तीन महिने गेले ते गेलेच. मी कवी आहे. त्या दिवसांत मी सलोख्यावर दोन कविता लिहिल्या. दहा मिनिटे चालत मात्र गेलो नाही. त्या कवितांपेक्षा ते चालणे मोठे झाले असते, हे मला रोरीची गोष्ट वाचल्यावर नीट समजले.

रोरी गेला तेव्हा उत्तर आयर्लंडमधला शांतता करार अजून तीन वर्षे दूर होता. तो १० एप्रिल १९९८ रोजी झाला. रोरीला तो पाहायला मिळाला नाही. पण त्याला बेलफास्ट विसरले नाही. चाहत्यांनी अनेक वर्षे खटपट केली, वर्गणी जमवली आणि जानेवारी २०२५ मध्ये अल्स्टर हॉलच्या बाहेर त्याचा पुतळा उभा राहिला.

त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, लंडनला त्याच्या गिटारीचा लिलाव झाला. ती परक्या श्रीमंताच्या तिजोरीत जाईल, अशी भीती चाहत्यांना वाटत होती. ज्या दुकानातून ती घेतली गेली, त्या क्राउली घराण्यातल्या एका बाईंनी ती कॉर्कला परत आणावी म्हणून लोकवर्गणी सुरू केली. लिलावात बोली इतकी चढली की वर्गणी पुरणे शक्यच नव्हते. सर्व आकार धरून किंमत झाली ८,८९,४०० पौंड. पण गिटार घेतली एका आयरिश कार्यक्रम-संयोजक कंपनीने आणि ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. उधारीवर घेतलेली गिटार देशाची झाली. वर्गणी अपुरी पडली, पण चाहत्यांनी मनात धरलेली गोष्ट झाली.

मला कुणी विचारले की कलावंताने वाईट काळात काय करावे, तर माझ्यापाशी मोठे उत्तर नाही. त्याने आपले काम नीट करावे आणि जिथे जायला माणसे कचरतात, तिथे ते घेऊन जावे. आणि जो कलावंत नाही, त्यानेही एवढे करावे. ओळखीचे एखादे दार दहा मिनिटांच्या अंतरावर असेल आणि बरेच दिवस तिकडे जाणे झाले नसेल, तर जाऊन यावे. काय बोलायचे, ते तिथे गेल्यावर सुचते.

ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. फीत जुनी झाली आहे, मधेच आवाज घरंगळतो. टाळ्या मात्र स्पष्ट ऐकू येतात.