दुष्काळाच्या वाटेनें सोलापुरास आलेलीं कुटुंबें



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं दुष्काळाचा विषय काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु सोलापूर शहराची वस्ती ज्या वाटांनीं भरली, त्यांपैकीं एक वाट ओसाड शेतांतून निघालेली आहे. तिचें स्मरण सुखाच्याच दिवशीं करणें आम्हांस योग्य वाटतें.

सन 1876 मध्यें दक्षिणेंत पावसानें पाठ फिरविली. या जिल्ह्याचा सारा भरंवसा रब्बीच्या ज्वारीवर, आणि त्या ज्वारीचा परतीच्या पावसावर. तो न झाल्यामुळें दाणा गेला, कडबाहि गेला. बाहेरच्यांना दाण्याची हानि तेवढी दिसते. कुणब्याला कडब्याची अधिक डांचते. दाणा आगगाडीनें आणतां येतो, आणि आगगाडी तर सोलापुरास 1860 सालींच आली होती. पण बैलांच्या पोटाला पुरेल एवढी वैरण कोण आणणार? घरधनी आधीं भांडीं मोडतो, मग बायकोच्या अंगावरचें किडूकमिडूक सावकाराकडे जातें, आणि बैलांची जोडी अगदीं शेवटीं, मिळेल त्या किंमतीस. जोडी गेली कीं त्या घराला परतीची वाट उरत नाहीं. पुढें पाऊस पडला तरी पेरणी कशाच्या बळावर करावयाची?

सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. आष्टीचा तलाव त्यांपैकींच एक. परंतु 1877 च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यानें मजुरी उतरविण्यांत आली. पुरुषाच्या रोजच्या मजुरींतील धान्याचें प्रमाण एक पौंडावर, म्हणजे सुमारें अर्ध्या शेरावर आलें. गांवाजवळचीं लहान कामें बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर धाडण्याचें धोरणहि त्याच वेळचें. खरा गरजवंत असेल तो कितीहि लांब येईल, अशी त्यामागील समजूत. आम्हांस ती जितकी क्रूर, तितकीच अडाणी वाटते. जो दहा कोस जातो तो म्हातारीला मागें ठेवून जातो. घराचें छप्पर आणि शेताचा बांध वाऱ्यावर सोडून जातो. मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं हीं कामें टाकून दिलीं, आणि गणेश वासुदेव जोशी यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. मजुरांस आळशी ठरविणारे तेव्हांहि पुष्कळ होते. असे लोक कोणत्याच काळीं कमी नसतात.

त्याच 1877 सालीं सोलापुरांत मोरारजी गोकुळदास यांची कापडाची गिरणी सुरू झाली. पुढें तिलाच लोक जुनी मिल म्हणूं लागले. शेत सुटलेल्या माणसाला भोंग्याचा आधार झाला. ती गिरणीहि आतां राहिली नाहीं.

1972 सालीं पुन्हां हाच जिल्हा होरपळला. मिलो नांवाच्या परदेशी तांबड्या ज्वारीची भाकरी आपणांपैकीं वडीलधाऱ्यांनीं खाल्ली असेल. परंतु या खेपेस खडी फोडण्याचीं व पाझर तलावांचीं कामें गांवोगांवीं निघालीं. मे 1973 मध्यें राज्यांत सुमारें 50 लक्ष माणसें अशा कामांवर होतीं. त्यांतलीं पुष्कळ सायंकाळीं आपल्याच चुलीपाशीं परतत, आणि सगळा फरक येथेंच आहे असें आम्ही समजतों. वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेल्या रोजगार हमीचा कायदा 1977 सालीं झाला, तो या अनुभवानंतर.

तरीहि वाट बंद पडलेली नाहीं. दरसाल दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यांतील कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन या जिल्ह्यांतील साखर कारखान्यांवर ऊसतोडीस येतात. नवराबायकोच्या जोडीला तेथें ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदाद हत्यारानें होते. तान्हीं मुलें पाचटाच्या कोपींत, मोठीं उसाच्या फडांत. कित्येकांच्या गाडीला बैल मात्र आहेत. उचल फिटली तर ते पाडव्याच्या आगेंमागें गांवीं परततात. न फिटली तर पुढील हंगामाचा सौदा त्याच फडांत ठरून जातो.