बँडवाल्याला आलेल्या सहा चिठ्ठ्या

(भंडारा येथील युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही मोठा कलाकार नाही. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर लिहितो आणि शनिवार-रविवारी पाच जणांच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. तुमच्यापैकी काहींनी आमचे व्हिडिओ पाहिले, म्हणून संयोजकांनी मला बोलावलं. ते म्हणाले, "भाषण नको, पोरांचे प्रश्न घ्या. विषय एकच, तुमचं आवडतं संगीत." दाराशी खोका ठेवला होता, त्यात बऱ्याच चिठ्ठ्या निघाल्या. एकसारख्या बाजूला काढल्या तर सहा उरल्या. त्या क्रमाने घेतो. सहावी शेवटी घेतोय, कारण ती सगळ्यात अवघड आहे.

पहिली चिठ्ठी : "तुम्ही लहानपणी काय ऐकायचे?"

मी तुमसर तालुक्यातला. अब्बा लग्नाच्या बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. पुढे तेच पार्टीचे मास्टर झाले. उन्हाळाभर लग्नं असायची. पावसाळ्यात रोवणीचे दिवस आले की बँड बंद, मग पार्टीतले अर्धे लोक धानाच्या बांधीत उतरायचे. पण संध्याकाळी आमच्या अंगणात रियाज चालायचा. चार घरं सोडून राहणारी आजी ओरडायची, "अरे पोट्टेहो, झोपू द्या ना बाप्पा!" आणि दुसऱ्या दिवशी तीच विचारायची, "काल ते गाणं अर्ध्यावर काहून सोडलं?"

दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरायची. मंडई म्हणजे दंडार, खडी गंमत आणि रात्रभर नाटक. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीपासून पुढे काही महिने हा हंगाम चालतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचं केंद्र. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. मी लहानपणी थंडीत चादर गुंडाळून ती नाटकं पाहिली. नट कोण हे आता आठवत नाही. स्टेजसमोर बसलेला ऑर्गनवाला मात्र आठवतो. नट वाक्य विसरला की तो एक सूर धरून ठेवायचा आणि नटाला वेळ मिळायचा. संगीत दुसऱ्याला सांभाळून घेतं, हे मी तिथं शिकलो.

दुसरी चिठ्ठी : "आवडता कलाकार कोण? एकच नाव सांगा."

एक जमणार नाही, तीन सांगतो.

पहिले उस्ताद अब्दुल करीम खाँ. जन्म उत्तर प्रदेशातल्या कैराना इथला, पण ते मिरजेत स्थायिक झाले आणि 1937 साली गेल्यावर त्यांची कबर तिथल्याच ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात झाली. आजही तिथं दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल. भीमसेनजींनी लहान वयात घर सोडलं, त्यामागे अब्दुल करीम खाँसाहेबांची एक रेकॉर्ड होती, असं ते स्वतः सांगायचे. मोबाइलवर खाँसाहेबांचं काही लावलंत तर खरखर ऐकू येईल. दोन मिनिटं थांबा, मग खरखर ऐकू येत नाही.

दुसरे बिस्मिल्ला खाँ. शहनाई हे लग्नाचं, दाराबाहेर बसून वाजवायचं वाद्य होतं. ते त्यांनी मैफलीच्या मधोमध आणून बसवलं. 2001 साली भारतरत्न मिळालं. दाराबाहेरच्या वाजवणाऱ्याच्या मुलाला या गोष्टीचं काय वाटतं, हे मी वेगळं सांगायला नको.

तिसरे शाहीर अमर शेख. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, बार्शीचे. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकात होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजाने मैदानं भरली. कुणी तुम्हाला विचारलं की "तुम्ही मराठी कसे?", तर वाद घालू नका. हे नाव सांगा.

तिसरी चिठ्ठी : "आवडता बँड कोणता?"

ज्याने लिहिलंय त्याला इंग्रजी नाव हवं असणार. मी खरं उत्तर देतो. माझा आवडता बँड म्हणजे नऊ माणसांची लग्नाची पार्टी. दोन क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, एक युफोनियम, ड्रम, ढोल, झुणझुणा आणि कॅसिओ.

हसू नका. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाचे संगीत अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी भारतातल्या लग्नाच्या बँडवर अख्खं पुस्तक लिहिलंय, 'ब्रास बाजा', 2005 साली. इंग्रजांच्या लष्करी बँडची वाद्यं आपल्या वरातीत कशी आली, ती कोण वाजवतं, त्यांचं पोट कसं भरतं, हे सगळं त्यांनी शोधलं. आम्ही ज्यांना पत्रिकेत जागा देत नाही, त्यांच्यासाठी तो माणूस दुसऱ्या देशातून आला.

आता कारागिरी पाहा. 'सूरज' या 1966 च्या चित्रपटातलं रफीसाहेबांचं वरातीचं गाणं तुम्ही हजारदा ऐकलंय. मूळ रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिनचा ताफाच आहे. अब्बांकडे नऊ माणसं होती, तीही चालत वाजवणारी. मग ते काय करायचे? रफींचा आवाज क्लॅरिनेटला, व्हायोलिनच्या जागा ट्रम्पेटला, खालचा सूर युफोनियमला. बाकी सगळं सोडून द्यायचं. मी इंजिनिअरिंगला एमपीथ्री शिकलो तेव्हा कळलं की तिथंही हेच आहे. कानाला जे फारसं कळत नाही ते टाकून द्यायचं आणि जे कळतं ते ठेवायचं. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या अब्बांना हे कुठल्याही सूत्राशिवाय येत होतं.

चौथी चिठ्ठी : "आपल्यात संगीत चालतं का?"

मी आलिम नाही, त्यामुळे फतवा देणार नाही. पण हा प्रश्न मीही विचारलाय, म्हणून जे वाचलं ते सांगतो. यावर उलमांमध्ये मतभेद आहेत आणि ते आजचे नाहीत. वाद्यं वर्ज्य मानणारे मोठे विद्वान आहेत. दुसऱ्या बाजूला, लग्नात डफ वाजवायला मोकळीक दिल्याच्या हदीस आहेत. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिलंय. काय ऐकता, कुणाबरोबर ऐकता आणि मनात काय ठेवून ऐकता, यावर त्यांनी भर दिला. चिश्ती परंपरेत कव्वाली आहे. नागपूरला ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर जाऊन या, तुम्हाला कव्वाली ऐकू येईल.

मी तुम्हाला फक्त एवढंच म्हणेन की ज्याला ऐकायचं नाही त्याला टोमणा मारू नका, आणि जो त्यावर पोट भरतो त्याला कमी लेखू नका. मिरजेत तलवारी आणि हत्यारं बनवणारी शिकलगार घराणी होती. 19व्या शतकात त्या कामाची मागणी घटली तेव्हा फरीदसाहेबांनी सतारी बनवायला सुरुवात केली. त्यांचे वारस आजही त्याच कामात आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या हातांनी तलवार घडवली त्याच हातांनी पुढे तंबोरा घडवला. मला तरी यात वाईट काही दिसत नाही.

पाचवी चिठ्ठी : "बँड चांगला की डीजे?"

डीजेवाला पोरगाही आपल्यातलाच आहे, कर्ज काढून स्पीकर घेतलेत त्याने. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण कायदा सगळ्यांना सारखा आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवायचा असतो. वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, रात्रीची 45. वरात कुणाचीही असो, मिरवणूक कुणाचीही असो. आपल्या जुलूसला हा नियम लावायची हिंमत आधी आपण दाखवू, मग दुसऱ्याला सांगू.

आणखी एक फरक आहे. दवाखान्यासमोरून जाताना बँड हळू होतो. नमाजाची वेळ असली की मशिदीसमोर थांबतो. कुणाच्या घरी मयत असली की न सांगता गल्ली बदलतो. कारण वाजवणाऱ्याला डोळे असतात. अब्बांच्या पार्टीत आम्ही होतो, मांग समाजाचे होते, बौद्ध होते. कुठे थांबायचं हे त्यांना कधी पोलिसांनी सांगावं लागलं नाही.

डीजे आला तसं पार्टीचं काम निम्म्यावर आलं. मग 2020 चा लॉकडाउन. ऐन लग्नाच्या हंगामात सगळं बंद. त्या वर्षी पार्टी मोडली. आपला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो, हे तुम्ही शाळेत वाचलंय. अब्बांनी ट्रम्पेट आणि युफोनियम पितळेच्या भावाने विकले, किलोवर. काट्यावर ठेवलेलं युफोनियम मी फोनवर पाहिलं. तेव्हा माझा पगार चांगला होता, पण मला विचारायचं त्यांना सुचलं नाही. का सुचलं नाही, ते सहाव्या चिठ्ठीत येईल. क्लॅरिनेट लाकडाचं होतं, भंगारात त्याला किंमत नव्हती, म्हणून ते घरात राहिलं. आज मी वाजवतो ते तेच आहे.

सहावी चिठ्ठी. नाव नाही. लिहिलंय : "माझे अब्बा बँडमध्ये आहेत. कॉलेजमध्ये सांगू की नको?"

बाळा, तू मुलगा आहेस की मुलगी, मला माहीत नाही. या सभागृहात कुठे बसलायस तेही नको सांगू. मी माझं सांगतो.

इंजिनिअरिंगच्या प्रवेश-अर्जात एक रकाना होता, वडिलांचा व्यवसाय. मी लिहिलं, 'बिझनेस'. पहिल्या वर्षाची फी अब्बांनी दिली ती दहा-दहाच्या नोटांत, नवरदेवावरून ओवाळून टाकलेल्या. खिडकीवरचा बाबू मोजता मोजता वैतागला. मी अब्बांपासून चार पावलं लांब उभा होतो. घरी आल्यावर अर्जाची झेरॉक्स त्यांच्या हाती लागली. त्यांनी विचारलं, "ये बिझनेस मतलब धंदाच ना?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "फिर ठीक लिखा बेटा." आणि झेरॉक्स घडी करून पेटीत ठेवली.

पुढे नोकरी लागली. पहिल्या दिवशी ओळखीच्या कार्यक्रमात प्रत्येकाला विचारलं, आवडतं संगीत कोणतं? मी म्हणालो, पिंक फ्लॉइड. तोपर्यंत मी त्यांचं एकही गाणं ऐकलं नव्हतं. टी-शर्टवर नाव वाचलं होतं. लोकांनी माना डोलावल्या. नंतर ऐकलं, आवडलंही. पण त्या दिवशी माझ्या कानात जे खरोखर होतं त्याचं मी नावही घेतलं नाही.

ज्या मुलाने फीच्या खिडकीवर चार पावलं लांब उभं राहून दाखवलं, त्याला युफोनियम वाचवायला पैसे कोण मागेल? अब्बांनी मला कधी बोल लावला नाही. पण मला काही मागायचंही सोडलं.

लॉकडाउननंतर गावी गेलो तेव्हा क्लॅरिनेट काढलं आणि अब्बांना म्हटलं, शिकवा. त्यांना वाटलं, गंमत करतोय. त्यांचा दम आता टिकत नाही, ते सूर गाऊन दाखवतात. मी चुकलो की हात वर करतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या कार्यक्रमाला ते पहिल्यांदा आले, मागच्या रांगेत बसले. नंतर मी विचारलं, कसं झालं? म्हणाले, "बैठ के बजाते तुम लोग. चल के बजाओ तो जानूँ."

तर, सांगू की नको? मी तुला हुकूम करणार नाही. कॉलेजात हसणारे असतात, मला माहीत आहे, आणि ते तुला सोसायचंय, मला नाही. चारचौघांत सांगायची तयारी नसेल तर आज नको सांगू. पण दोन गोष्टी कर. अर्जात व्यवसायाचा रकाना आला तर त्यात 'वादक' लिही. तो खरा शब्द आहे. आणि आज घरी गेल्यावर अब्बांना एक प्रश्न विचार, "तुम्हाला कोणतं गाणं आवडतं?" फर्माईश त्यांना आयुष्यभर लोकांनी दिलीय. त्यांची आवड बहुधा कुणी विचारली नसेल. मीही वयाच्या तिशीनंतर विचारली.

अब्बांचं उत्तर काय आलं? 'नीलकमल'मधलं, 1968 चं, रफीसाहेबांचं पाठवणीचं गाणं. म्हणाले, वरातीत सगळे नाचायला सांगतात. पाठवणीच्या वेळी मात्र कुणी काही सांगत नाही. तेव्हा मी माझ्यासाठी वाजवतो.

आता माझंही आवडतं गाणं तेच आहे. वाजवायला घेतो. बसूनच वाजवतो, चालत अजून जमत नाही.