ज्युबिली आणि मनोरुग्णांचें औषध

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



लेवीय ग्रंथांत सांगितलेलें ज्युबिलीचें वर्ष म्हणजे दासांस मुक्ति आणि हातच्या गेलेल्या जमिनी मूळ धन्यास परत मिळण्याचा काळ. आज आपल्या देवळावर तोरणें लागलीं आहेत, घंटा वाजत आहेत. अशा सुप्रसंगीं आपल्यामध्यें अद्यापि बंधनांत कोण आहे, याचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें. असें एक बंधन मनाच्या व्याधीचें आहे, आणि त्याची कडी पुष्कळदां औषधाच्या किंमतीपाशीं अडकलेली असते.

आम्ही घरोघरीं आशीर्वाद देण्यास जातों, तेव्हां एक प्रकार वारंवार दृष्टीस पडतो. कोणा तरुणास भ्रम होऊं लागतो. डॉक्टर गोळ्या लिहून देतात. कांहीं महिन्यांनीं त्यास झोंप येऊं लागते, तो कामावर जाऊं लागतो. मग घरांत बोलणें निघतें कीं, मुलगा बरा झाला, आतां दर महिन्यास हा खर्च कशाला? गोळ्या बंद होतात आणि व्याधि उलटते. मग कोणी भगताचें दार दाखवितो. आम्ही त्या मातापित्यांस दोष देत नाहीं. हातावर पोट असलेल्या कुटुंबानें तांदूळ घ्यावे कीं गोळ्या?

या प्रश्नास उत्तर आहे. परंतु तें पुष्कळांच्या कानीं गेलेलें नाहीं. संसदेनें २०१७ सालीं मानसिक आरोग्यसेवेचा कायदा केला व तो २९ मे २०१८ पासून अंमलांत आला. त्याच्या १८ व्या कलमान्वयें अत्यावश्यक औषधसूचींतील मनोव्याधींचीं औषधें ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व शासकीय रुग्णालयांत सर्वकाळ विनामूल्य मिळालीं पाहिजेत. लिथियम, रिस्पेरिडोन, फ्लुओक्झेटिन हीं औषधें केंद्राच्या अत्यावश्यक सूचींत आहेत. ठाणें, येरवडा, रत्नागिरी व नागपूर येथें शासनाचीं प्रादेशिक मनोरुग्णालयें आहेत. महाराष्ट्र शासनानें तर १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. हें कोणाचें दान नव्हे, हक्क आहे; तो घेण्यास मान खालीं घालण्याचें कारण नाहीं.

खिडकीवर "औषध संपलें" असें उत्तर मिळाल्यास मुकाट्यानें परतूं नये. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. समाधान न झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागतां येते. तोंवर गोळी चुकूं नये म्हणून डॉक्टरांस औषधाचें मूळ नांव लिहून देण्यास सांगावें आणि जनऔषधि केंद्रांत चौकशी करावी. २००८ सालीं सुरू झालेल्या या योजनेंत तेंच औषध बहुधा निम्म्याहून कमी किंमतीस मिळतें. कोठें जावें हें न कळल्यास १४४१६ या क्रमांकावर विचारावें. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही टेलि-मानस सेवा रात्रंदिवस व फुकट असून तेथें मराठींतहि बोलतां येतें. मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून कोणींहि औषध थांबवूं नये.

कोणी म्हणतील, श्रद्धा असतां गोळ्या कशास? पवित्र शास्त्राच्या सिराख ग्रंथांत, ३८ व्या अध्यायांत, वैद्याचा मान राखण्याची व औषध ही ईश्वराचीच निर्मिति असल्याची शिकवण आहे. १५५० सालीं देवाघरीं गेलेले संत जॉन, ज्यांस देवाचा योहान म्हणतात, त्यांस लोकांनीं वेडा ठरवून ग्रॅनाडा येथील रुग्णालयांत कोंडलें व तेथें उपचार म्हणून फटके मारले. त्याच नगरांत पुढें त्यांनीं दीनदुबळ्यांसाठीं स्वतः रुग्णालय काढलें. पोप तेरावे लिओ यांनीं १८८६ सालीं त्यांस रुग्णांचे व रुग्णालयांचे आश्रयदाते घोषित केलें. ज्यानें फटके सोसले त्याचे आपण भक्त; आपण तरी कोणास वेडा म्हणून दूर लोटावें काय?

याकरितां संत विन्सेंट दि पॉल संस्थेच्या बांधवांस आमची विनंति आहे कीं, जे एकटे रुग्णालयांत जाण्यास कचरतात त्यांच्याबरोबर जावें, रांगेंत उभें राहावें, पुढील तारीख लक्षांत ठेवावी, आणि घरचें गुपित घरींच राहूं द्यावें. लज्जेनें दार लावून बसलेल्या कुटुंबांनीं आम्हांस निरोप पाठवावा, आम्ही येऊं.

एका जरी घरांत बंद पडलेलें औषध पुनः सुरू झालें, तरी आपली ज्युबिली सार्थकीं लागली असें आम्ही समजूं. रोग्यांचें आरोग्य जी पवित्र मरिया, ती आपणां सर्वांसाठीं विनंति करो. आमेन.