बुवांची चाल आणि एक माईक

आमच्या पिंपळीत एकादशीच्या आदल्या रात्री भजनाची तालीम असते. एक पखवाज, सात-आठ टाळकरी, मधोमध बुवा आणि पेटीवर मी. २००६ साली मुलाच्या अभ्यासासाठी घरी संगणक आला आणि मनात आलं, बुवांच्या चाली यात भरून ठेवाव्यात. त्या त्यांना गुरूंच्या तोंडून मिळालेल्या. कागदावर एकही नाही.

ऑडॅसिटी नावाचा प्रोग्रॅम २००० सालापासून फुकट मिळतो. तो घातला, बारामतीहून एक स्वस्तातला माईक आणला, संगणकाच्या गुलाबी भोकात खुपसला आणि पेटीवर ठेवून दिला. ऐकलं तर सगळी पेटीच! बुवा पलीकडच्या वाडीतून गातायत, आणि टाळ म्हणजे पत्र्यावर गारा.

मला वाटलं, महागडा माईक हवा. पण चूक माईकची नव्हती, आमच्या बसण्याची होती. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरलं, तेव्हा विजेवरचा माईक नव्हताच. मोठ्या भोंग्यासमोर गायचं. भोंग्याच्या जवळ कोण आणि लांब कोण, यावरच आवाजाचा मेळ बसायचा. आम्हीही तेच केलं. माईक बुवांच्या तोंडापासून हातभर, किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'फ'चा फुत्कार थेट लागत नाही. पखवाज दोन-तीन हात मागे, पेटी त्याच्याही मागे, टाळकरी थेट दारात. टाळकरी थोडे रुसले. मीही रुसलो, खोटं कशाला बोलू!

आवाजाची पट्टी लाल रंगाला टेकू द्यायची नाही. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला सांधता येत नाही. म्हणून आधी सगळ्यांनी मिळून गजर करायचा आणि त्या आवाजावर पट्टी बेतायची. स्लॅबची, फरशीची खोली फार घुमते. भिंतींवर गोधड्या टांगल्या की घुमणं बरंच कमी होतं. पंखा बंद. आज यूएसबीचा माईक सरळ लॅपटॉपला लागतो, मोबाईलवरही बरं काम होतं. फक्त तो फ्लाइट मोडवर टाका.

शहरातली बँडवाली पोरं एकेक वाद्य वेगळं वाजवून नंतर जोडतात, कानात घड्याळाची टिकटिक लावून. भजनात ते नको. गजराला लय आपसूक चढते, ती टिकटिकीत मावत नाही. सगळ्यांनी एकत्र बसूनच भरावं.

आता माझी चूक. डब्ल्यूएव्ही फाईल मिनिटाला सुमारे दहा एमबी खाते, एमपीथ्री एखादाच. संगणकात जागा संपत आली, तेव्हा मी सगळ्या चाली एमपीथ्रीत बारीक करून घेतल्या आणि मूळ फायली पुसून टाकल्या. जागा वाचली म्हणून खूशही झालो. २०११ मध्ये बुवा गेले. आता त्या चाली ऐकताना टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे येतात, आणि टाळांबरोबर बुवांच्या आवाजाची धारही गेलेली. ती परत आणता येत नाही. मूळ फाईल डब्ल्यूएव्हीतच ठेवा, तिची दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवा. एमपीथ्री वाटायला.

गावातली पोरं हल्ली त्याच फायलींवरून शिकतात. कार्तिकातली एक तालीम आहे. बुवा वरच्या सुराला जातात नेमकं तेव्हाच बाहेरून उसाचा ट्रॅक्टर जातो, मोठ्यानं गाणी लावून. तेव्हा मी चिडून बुवांना पुन्हा म्हणायला सांगितलं होतं. ते हसले, म्हणाले, "राहू दे, आपलाच ऊस असंल." ती जागा पुन्हा काही भरली गेली नाही. पोरं तिला 'ट्रॅक्टरची जागा' म्हणतात, आणि तिथे त्यांचा सूर अजून थोडा खालीच राहतो.